लालाखाली गेलेली नवरी

राविया लग्न करून कुवेतला जाणार, हे गल्लीत सगळ्यात शेवटी कळलं ते वगदीला. आणि तिच्या पत्रिकेचं काम सगळ्यात आधी आलं तेही त्याच्याच टेबलावर. बाब अल-खल्क या जुन्या वस्तीतल्या उस्ता फहमींच्या छापखान्यात मजकुरातले रंग सुटे करून प्रत्येक रंगाची वेगळी फिल्म काढायचं काम तो करायचा. समोर हाज मुतवल्लींचं कागदाचं दुकान. गल्ल्यावर त्यांची ही मुलगी बसायची, म्हणून हा पठ्ठ्या एकेक रीम आणायला वेगवेगळ्या खेपा घालायचा. बोलणं मात्र कागदाच्या जाडीपलीकडे कधी गेलं नाही.

पत्रिका दोन रंगांची. वर सोनेरीत ‘हाज मुतवल्लींची कन्या’, आणि खाली लाल पट्ट्यात रावियाचं नाव, कागदाच्याच पांढऱ्या रंगात. म्हणजे लालच्या फिल्ममध्ये नावापुरती जागा मोकळी सोडायची. ते नाव वगदीनं काँप्युटरवर स्वतःच्या हातानं रेखलं, पुसलं, पुन्हा रेखलं. एरवी तो प्रत्येक फिल्म दिव्याच्या काचेवर ठेवून डोळ्यांत तेल घालून तपासायचा. ही तेवढी त्याच्यानं बघवली नाही. गुंडाळून दिली छपाईला. जागा मोकळी सोडायची राहिली होती, आणि लाल रंग नावावरून सरळ फिरला.

पत्रिका वाटून झाल्यावर उस्ता फहमींनी एक हातात घेतली.

“गाढवा, नवरी कुठाय?”

“लालाखाली,” वगदी पुटपुटला.

“मुद्दाम केलंस ना? अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे तुझं!”

“मला वाटलं, कुणालाच ठाऊक नाही.”

“एका हाजला नाही, बस्स!”

इतक्यात खुद्द हाजच रस्ता ओलांडून आले. वगदीनं थोबाड पुढे करून डोळे मिटले. हाजनी त्याच्या दोन्ही गालांचे कडकडून मुके घेतले.

“शाबास रे पोरा! व्याह्यांचा फोन आला होता. म्हणाले, घराणं असावं तर असं! मुलीचं नाव चारचौघांत मिरवलं नाही, नुसतं ‘कन्या’. मी म्हटलं, आमच्यात पूर्वीपासून असंच!”

उस्ता फहमींनी लगेच चहा मागवला. चूक पचली, नोकरी वाचली. वगदीचा चहा मात्र टेबलावरच निवून गेला. तिचं नाव एकदा तरी आपल्या हातून छापलं जावं, एवढंच त्याला हवं होतं, आणि तेवढंही त्याच्या नशिबात नव्हतं.

दुपारी राविया आली. तिनं पत्रिका टेबलावर आपटली.

“माझं नाव कुठंय?”

“चूक झाली. पण तुमच्या सासऱ्यांना आवडलं म्हणे...”

“त्यांच्या मुलालाही आवडलं! पुन्हा छापून घेऊ म्हटलं, तर म्हणतो, कशाला? तुझ्या नावाशी कुणाला काय करायचंय?”

वगदीनं काँप्युटरवर ते नाव उघडलं आणि मोठं केलं. राविया पडद्यापाशी वाकली.

“हे तू काढलंस?”

“हो.”

“एवढं जीव ओतून काढलंस आणि फिल्म तपासली नाहीस?”

“बघवली नाही.”

डोक्यावरचा रुमाल सारखा करत ती म्हणाली, “पुन्हा छाप. बाबांशी मी बोलते.”

“बरं.” वगदीनं माऊस हातात घेतला. “नवऱ्या मुलाचं नाव तेच ना?”

“ती जागा सध्या मोकळी सोड,” राविया स्टूल ओढत म्हणाली, “आणि बाकीचं मी इथंच बसून तपासते.”