कुंडीखालची लाल खूण

दवाखान्यातून फोन आला, तेव्हा तो खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मिस्त्रीला ठणकावून सांगत होता, "आमच्या बाल्कनीतून एक थेंब गळत असेल, तर मिशी उतरवीन!"

फोन ठेवला. बायको गेली होती. मिस्त्रीने गळतीखालची बादली बाजूला सारून त्याला खुर्ची दिली.

तीन महिन्यांनी मिस्त्री घमेलं, थापी घेऊन वर आला.

"भाऊ, फट भरून टाकू. वहिनींनी जागा दाखवलीय मला."

"तुम्हाला? कधी?"

"दवाखान्यात जायच्या आधी. चहाला आल्या होत्या."

याला मिरची झोंबली! चाळीस वर्षांचा संसार याचा, आणि गळतीची जागा मिस्त्रीला! शिवाय चहा!

"साखर किती घेतली तिनं?"

"दोन चमचे."

घरी तर बिनसाखरेचा घ्यायची!

"जागा सांगू नका! मी शोधतो!" त्याने मिस्त्रीला दाराबाहेर काढलं. जुन्या बनियनचा बोळा बाल्कनीच्या पाणी जायच्या भोकात कोंबला, नळ सोडला आणि पाणी कुठून झिरपतं ते बघायला खाली मिस्त्रीच्या बाल्कनीत जाऊन बसला. मान वर, डोळे छताला.

टप्! थेंब थेट टकलावर.

"गळतंय, भाऊ."

"घाम आहे!"

टप्! टप्!

"घाम वरून पडतो होय?"

तेवढ्यात मिस्त्रीच्या दाराखालून पाणी आत शिरलं. मिस्त्रीने दार उघडलं, तर जिन्यावरून एक चप्पल डौलात तरंगत आली. याचीच!

"भाऊ, नळ?"

दोघे धावत सुटले. वर अख्ख्या हॉलचं तळं झालं होतं! मिस्त्रीने नळ बंद केला, बोळा उपसला आणि सरळ बाल्कनीच्या कोपऱ्यातली मोठी कुंडी सरकवली. खाली फट. फटीभोवती लाल नेलपॉलिशचं वर्तुळ. शेजारी त्याच लाल रंगात तिचं वाकडंतिकडं अक्षर: 'मिस्त्री, इथे. यांना वाकू देऊ नका. कंबर धरते.'

मिस्त्रीने मघाशी इथेच राहिलेली थापी हळूच उचलली.

"हात लावू नका!" तो ओरडला. "सिमेंट अक्षरावर जाईल!"

"मग खाली गळत राहील की!"

"बादली मी रोज येऊन ओतीन."

तो रोज जातो. मिस्त्री चहा देतो, दोन चमचे साखर घालून. तो चिडून पितो.

फट अजून भरायची राहिली आहे. मिशीही उतरवायची राहिली आहे.