इंगळे काकांचं ‘त्याआधी?’

नवीन माणूस भेटला की लोक आडनाव विचारतात. आमच्या दिंडोशीच्या सोसायटीतले इंगळे काका पीक विचारतात.

"गाव कुठलं? बरं. तिथे आता काय पेरतात?" उत्तर आलं की लगेच, "आणि त्याआधी?"

सरकारी नोकरीत काकांनी जन्मभर पिकांचे तक्ते भरले. निवृत्त झाले, खोड राहिली. भाजीवाला, रिक्षावाला, कोणी सुटत नाही. एकदा लिफ्टच्या मेकॅनिकला गाठलं. "तुझ्या गावात ऊस घुसला ना? मग डाळींची वाट लागली समज!" तो हो म्हणाला तेव्हाच त्याला लिफ्टला हात लावू दिला. तोवर सातव्या मजल्यावरच्या आजी खाली बसून.

मला बघायला अकोल्याकडची मंडळी आली, तेव्हा बाबांनी हौसेने काकांना बोलावलं. मी पोहे घेऊन बाहेर येते तर मुलाची, अमोलची, उलटतपासणी चालू.

"शेतात काय आहे?"

"सोयाबीन."

"त्याआधी?"

"कापूस असेल."

"असेल? बरं, त्याच्याही आधी?"

अमोल माझ्याकडे बघायचं सोडून पंख्याकडे बघायला लागला. मी मनात म्हटलं, गेलं स्थळ. तेवढ्यात त्याची आई म्हणाली, "ज्वारी होती नं भाऊ. मधात तूर, मूग. धुऱ्याला, बांधावर, अंबाडी."

काकांनी खुर्चीच पुढे ओढली. मग ज्वारी का गेली यावर दोघांची जुंपली. काका म्हणे, सोयाबीनला भाव मिळाला म्हणून. त्या म्हणे, "भावाचं सोडा, पाखरं राखत कोण बसते आता?" पोहे गार झाले. मला कोणी एक प्रश्न विचारला नाही. अरे यार, नाव तरी विचारा!

तरी जमलं. निघताना अमोलच्या आईने विचारलं, "तुमचं वावर आता कोण पाहते भाऊ?"

काकांनी पुढे ओढलेली खुर्ची मागे सरकवली.

"आमचं वावर नव्हतंच, ताई. आई दुसऱ्यांच्या शेतात जायची. निंदायला, कापूस वेचायला, ज्वारी खुडायला. मग सोयाबीन आलं, फवारणी आली, यंत्र आलं. बायांचं काम कमी कमी होत गेलं. मी इथे तक्त्यात सोयाबीनचा वाढलेला आकडा लिहायचो ना, तेव्हा वाटायचं, आज आई घरीच बसली असेल."

खाली रिक्षा हॉर्न मारत होती. अमोलच्या आईने पायात घातलेली चप्पल काढली आणि त्या परत येऊन काकांच्या शेजारी बसल्या.

"काय नाव होतं जी त्यांचं?"

"यमुना," काका म्हणाले.

वीस वर्षांचे शेजारी आम्ही. आम्हाला कुणालाच ते माहीत नव्हतं.