पडद्यामागचे डावखुरे

आईने कपाळी विभूती लावून निरोप दिला तरच पलटणीत जायचे, असे रेवणसिद्धाने ठरवले होते. आणि सकाळपासून भागम्मा विभूतीची डबी कनवटीला खोचून बसली होती.

"परवा तर जा म्हणलीस की, माय!"

"परवा शिनेमा कुठं बघितला होता?"

सगळा घोळ त्या सिनेमाचा होता. भरतीची सरकारी मोटार हैदराबादेहून पालमला आली होती आणि काल दिवेलागणीला बाजारपटांगणात तिने लढाईचा सिनेमा दाखवला. समुद्रातून होड्या येतात, गोरी फौज वाळूवर उतरते आणि जर्मनाच्या हातून किनारा घेते, असा तो देखावा. पडद्याला पातळ मादरपाट रेवणसिद्धाच्याच दुकानातला. रिवाजाप्रमाणे बाप्ये यंत्राच्या बाजूला बसले, बाया पडद्याच्या पलीकडे. कापडातून चित्र आरपार दिसत होते, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती. पलीकडून बघणाऱ्याला डावे-उजवे उलट दिसते, हा साधा नियम; पण तो बायांना कुणी सांगितला नव्हता. तिकडे इंग्रजी अक्षरेसुद्धा उजवीकडून डावीकडे चालली होती. निजामाच्या राज्यात उर्दू पाट्यांची सवय, त्यामुळे त्याचे कुणाला नवल वाटले नाही.

रेवणसिद्धाला मोटारींचे वेड. मगरीने जांभई द्यावी तशी होडी तोंड उघडी आणि आतून मोटारी घरंगळत पाण्यात उतरत. ते बघून तर त्याचे पक्केच झाले की कापड मोजणे बास, आता पलटणीत मोटार हाकायची. पण भागम्माने मोटारी पाहिल्याच नाहीत. तिने हात पाहिले.

"समदे डावखुरे!" ती म्हणाली. "सलाम डाव्यानं, बिस्कूट डाव्यानं, बाँब डाव्यानं! ज्या डाव्या तळहातावर आपण रोज शिवाला बसवतो, त्याच हातानं हे माणसं मारायलेत. असल्यांत राहून तू पूजा कोणत्या हातावर करशील?"

"तुला उलटं दिसलं, माय."

"मला उलटं दिसलं, नागुबाईला उलटं दिसलं, धुरपदाबाईलाबी उलटंच दिसलं? समद्या बायांचे डोळे फिरले, अन् बाप्यांचे तेवढे सरळ व्हय?"

रेवणसिद्धाने दुकानातून मलमलीचा तुकडा आणला. त्यावर गिरणीचा हत्तीचा छाप होता. उन्हात धरून त्याने तो पुढून दाखवला, मागून दाखवला. हत्तीची सोंड एकदा पूर्वेला गेली, एकदा पश्चिमेला.

भागम्माने नीट निरखून पाहिले. "हत्ती कापडावर छापलाय. कापड फिरवलं की फिरणारच. शिपाई काय छापलेले होते? ते तर पळायलते!"

रेवणसिद्ध तुकडा पुन्हा उन्हात धरू लागला. तेवढ्यात धुरपदाबाईने आपल्या राधाकिशनचे भरतीतले नाव काढून घेतले. मग नागुबाईने लेकाला कोठीत कोंडले. दुपारपर्यंत भरतीला एक पोरगा उरला नाही, आणि भरतीचे कारकून किशनराव घाम पुसत भागम्माच्या ओट्यावर आले.

"बाई, माझी नोकरी जाईल हो! उद्या सकाळी मोटार निघणार. रिकामी नेली तर साहेब मलाच समुद्रात उतरवतील."

"उतरा. पर उजव्या पायानं."

शेवटी किशनरावांनीच तोड काढली. आज सिनेमा पुन्हा दाखवायचा. बाया पुढे, बाप्ये मागे.

म्हातारे लिंगराजअप्पा खवळले. "पालमात बाप्ये पडद्यामागं? लोक काय म्हणतील?"

"लोक समदे तिथंच बसणार हायत, अप्पा," रेवणसिद्ध म्हणाला. "म्हणायला मागं उरतंय कोण?"

दिवेलागणीला होड्या पुन्हा आल्या. पुढून भागम्माचा आवाज पटांगणभर घुमला, "अगं बया! उजवेच हायत की गं!" धुरपदाबाई हसली, नागुबाईने कोठीची किल्ली सोडवली, आणि किशनराव साहेबाला सलाम करावा तसे यंत्राला सलाम करू लागले.

पडद्यामागे रेवणसिद्ध हातच तपासत होता. उलटे दिसते ते नेमके कसे, हे त्याला पाहायचे होते. म्हणून त्याने एकच शिपाई नजरेत धरला. काटकुळा, कानांवर टोपी आलेला. तो बिस्कूट चावत होता. होडीचे तोंड उघडले. तो छातीभर पाण्यात उतरला, बंदूक डोक्यावर धरून चालला, वाळूला लागला आणि आडवा झाला. रेवणसिद्ध वाट पाहत राहिला. मागून मोटारी आल्या, निशाण आले, बाजा वाजला. काटकुळा उठला नाही. काल तो याच जागी पडला असणार. पण काल रेवणसिद्ध मोटारी बघत होता.

दिवे लागले. भागम्मा डबी हातात घेऊन पडद्याला वळसा घालून आली. मागे किशनराव होतेच.

"जा लेकरा. खोटं बोलली मी. उजव्या हाताचीच माणसं हायत."

रेवणसिद्ध पडद्याकडेच बघत होता. "न्हाई, माय. मी नीट बघितलं. डावखुरेच हायत समदे."

"अरे!" किशनराव ओरडले. "सकाळपासून हत्ती घेऊन तूच हिंडत होतास ना?"

"हत्तीचं येगळं असतंय, साहेब. हत्ती छापलेला असतोय."

भागम्माने लेकाच्या तोंडाकडे पाहिले. मग पांढऱ्या कापडाकडे, मग पुन्हा लेकाकडे.

"मी सकाळी तेच म्हणलं तर तुमी मला येडी ठरवलं," ती किशनरावांना म्हणाली. डबी उघडून तिने लेकाच्या कपाळावर विभूतीची तीन बोटे ओढली. "जा आता. ते कापड सोडव. दुकानात नीट घडी घालून ठेव."