ब्रिटाच्या दुःखाची अकरा भांडी

ब्रिटा हॉल्वर्सनला वकील व्हायचं होतं. कायद्याच्या कॉलेजला लागणारं ‘माझ्याविषयी’ हे दोन पानी निवेदन आपण डाव्या हाताने लिहून टाकू, असं ती मिनेसोटातल्या आपल्या गावभर सांगत सुटली होती. लिहायला बसल्यावर लक्षात आलं, अशा निवेदनात सोसलेली संकटं सांगायची असतात, आणि बावीस वर्षांत आपल्यावर एकही धड संकट आलेलं नाही! आईबाप प्रेमळ, घर ऊबदार, साधा हातसुद्धा कधी मोडला नाही. अशा पोरीला कोण दारात उभं करणार?

मग तिने बापाच्या दुखऱ्या गुडघ्याला बढती दिली. बाप अंथरुणाला खिळला, घरात चूल पेटेनाशी झाली. दुसऱ्या पानापर्यंत तिचे स्वतःचेच डोळे भरून आले. व्याकरण तेवढं बघा म्हणून तिने ते निवृत्त शिक्षिका लिंडक्विस्टबाईंकडे दिलं.

बाईंनी स्वल्पविराम दुरुस्त केले आणि डोळे पुसले. बापाला त्यांनी रविवारीच चर्चमध्ये पाहिलं होतं. पण मानी माणसं दुखणं लपवतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी फोन फिरवले. त्या गावात कुणावर वेळ आली की बायका चौकशी करत बसत नाहीत, थेट हॉटडिश घेऊन येतात: खाली खिमा, वर बटाटे, आणि भांड्याच्या बुडाला मालकिणीच्या नावाची पट्टी. दुसऱ्या दिवशी अकरा जणी अकरा भांडी घेऊन आल्या. दार उघडलं अंथरुणाला खिळलेल्या बापानेच. गोठलेल्या तळ्यावरून मासे धरून तो नुकताच आला होता. त्यांच्यातल्या चर्चच्या पाद्रीबाईंनी चमत्कार समजून दारातच देवाचे आभार मानले.

खरं कळल्यावर बाप हसला. आईला मात्र फार लागलं.

“माझ्या घरात उपासमार?” ती एवढंच म्हणाली. ब्रिटाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुदतीला चार दिवस उरले होते आणि अर्जाखाली ‘वरील सर्व सत्य आहे’ अशी सही करायची होती. आईने शिक्षा सुनावली: अकराही भांडी घासायची, ज्याच्या त्याच्या घरी पोचवायची आणि प्रत्येक दारात खरं काय ते सांगायचं. लोक रागावले असते तर परवडलं असतं. प्रत्येकीने तिला बसवून कॉफी पाजली, केक खाऊ घातला. सहाव्या घरी तिला रडू फुटलं, आठव्या घरी पोट दुखायला लागलं.

घरी येऊन तिने हेच सगळं लिहून काढलं, भांड्यांसकट, आणि बिनधास्त सही ठोकली.

एप्रिलमध्ये प्रवेश मिळाला. ती धावत लिंडक्विस्टबाईंकडे गेली. बाईंनी तिला जवळ घेतलं, तोंडभर कौतुक केलं, आणि मग हळूच म्हणाल्या, “पण पोरी, ते पहिलं निवेदन पाठवलं असतंस ना, तर फीसुद्धा माफ झाली असती.”