आरसा वांदरानं फोडलान्

काशीरामांनी जन्मभर रत्नागिरी-राजापूर एसटी चालवली, पण गाडीवर कधी ओरखडा येऊ दिला नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला त्यांनी अजूनही कपाटात जपून ठेवला होता. अशा माणसाने आज आपल्या जुन्या मोटारीचा डावा आरसा घरच्याच अंगणात, कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्याला घासून फोडला.

गॅरेजात जावं, तर स्टँडवर बोभाटा होणार. म्हणून नवा आरसा त्यांनी भाजीच्या पिशवीतून आणला आणि बायकोलाही न सांगता कामाला लागले. दोन स्क्रू निघाले, तिसरा दाराच्या पोटात पडला. तो काढायला आतलं पॅड ओढलं, तर क्लिपा फुटाण्यासारख्या उडाल्या. मग खिडकीची काच खाली गेली, ती वर यायचं नाव घेईना. तेवढ्यात शेजारचा बाबल्या हजर!

"काशीभाऊ, काय झाला ओ?"

"वांदर!" काशीरामांच्या तोंडून निघून गेलं. "आरशात सोताला बघितलान् नि फोडलान्, मेल्यानं."

वांदरं असं करतातच, त्यामुळे बाबल्याला ते लगेच पटलं, आणि तिथेच घात झाला. त्याने हाका मारून वाडी गोळा केली.

"माझ्या पपया खाल्लान् तोच हा! शेपूट तुटका होता ना?" बाबल्याने विचारलं.

"होता, होता," काशीरामांनी रेटून दिलं.

"आला कुठनं?" बाबल्या माग काढत थेट गडग्याकडे निघाला.

तांबड्या चिऱ्यावर मोटारीचा पांढरा रंग लख्ख लागला होता. संपली अब्रू!

पण गडग्यावर भलीमोठी ओली गोधडी वाळत होती.

"हात नको लावू रे बाबल्या, आत्ताच धुतलीय," ओटीवरून काशीरामांच्या पत्नी विमलाबाई ओरडल्या. "वांदर त्या मागच्या फणसावरनं आला. मी बघितला ना!"

सगळी वाडी फणसाकडे धावली. काशीराम मात्र आ वासून बायकोकडे बघत राहिले.

संध्याकाळपर्यंत आरसा कसाबसा बसला. त्यात मागचा रस्ता सोडून आभाळ तेवढं छान दिसत होतं.

"तुला कधी कळला?" काशीरामांनी हळूच विचारलं.

"आवाज आला तेव्हाच. म्हणून तर धुतलेली गोधडी परत भिजवली."

काशीराम तिच्याजवळ आले. "जन्मात पयल्यांदा चुकलो गो."

"तुमचा कसला चुकतो?" गोधडी काढता काढता विमलाबाई म्हणाल्या. "तुम्ही ड्युटीवर निघालात की मी रोज देवापुढे दिवा लावायची. रिटायर झालात, तेव्हा तो बंद केला. म्हटलं, आता अंगणातल्या अंगणात काय होणाराय!"