अकरा सदतीसचा मुहूर्त

देवगव्हाणच्या नगरपरिषदेने दर वैशाखात गावाचा एक तास काढून घ्यायला सुरुवात केली, त्याला यंदा सात वर्षं झाली. ठरलेल्या दिवशी सकाळचे अकरा वाजले की लगेच बारा वाजतात. मधला तास नगरपरिषद उचलते, लोखंडी ट्रंकेत ठेवते आणि कार्तिकात परत करते. त्या दिवशी अकरा ते बारा दोनदा होतं. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं लोक आजवर नुसतं म्हणत होते. देवगव्हाणात त्याचा शासकीय ठराव झाला.

हे सगळं उजेड वाचवण्यासाठी आहे. वाचलेला उजेड जातो कुठे, असं एका निवृत्त मुख्याध्यापकांनी एकदा लेखी विचारलं होतं, कारण रस्त्यावरचे दिवे गेल्या गणपतीपासून बंदच होते. त्यांना लेखी उत्तर आलं की उजेड सुरक्षित आहे.

तास जातो तो फक्त रहिवाशांचा. दूध, कुकर आणि कावळे यांची रहिवाशांत नोंद नाही. त्यामुळे पहिल्या वर्षी माणसं होती तिथे तासभर उभी राहिली आणि गावभर दूध उतू गेलं, भात करपले, पुष्कळांच्या डोक्यांवर कावळे बसून गेले. आता लोक शहाणे झाले आहेत. पावणेअकराला गॅस बंद करतात, टोपी घालतात आणि भिंतीला टेकून बसतात. अकरा वाजतात, बारा वाजतात. मान थोडी आखडते. पुढचे आठ दिवस भूक अवेळी लागते, झोप उडते, बायका नवऱ्यांवर आणि नवरे रिक्षावाल्यांवर खेकसतात. मग सवय होते, आणि नेमकी सवय झाली की कार्तिक येतो.

शकुंतलाबाई उंबरकरांनी या प्रकाराचा कधी त्रास करून घेतला नव्हता. बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत त्या बावीस वर्षं बसत होत्या आणि ‘गाडी येईल तेव्हा येईल’ हे वाक्य त्यांच्या तोंडून इतक्या वेळा गेलं होतं, की एक तास इकडे किंवा तिकडे झाल्याने त्यांना काही वाटत नसे. नवरा गेला तेव्हा मुलगी, वैजयंती, चार वर्षांची होती. तिला त्यांनी एकटीने वाढवलं, शिकवलं आणि आता तिचं लग्न ठरलं होतं. देवाकडे त्यांचं एकच मागणं होतं. वैजूच्या डोक्यावर अक्षता पडताना त्यांना डोळे भरून बघायचं होतं.

लग्न वैशाखातल्या रविवारी, मुहूर्त अकरा वाजून सदतीस मिनिटांचा. गावाचा तास दर वर्षी मंगळवारी जायचा, त्यामुळे कुणाच्या मनात शंका यायचं कारण नव्हतं. पत्रिका वाटून झाल्या. आणि यंदा अध्यक्ष मंगळवारी बाहेरगावी असल्यामुळे तास रविवारीच घेण्यात येईल, अशी सूचना निघाली. ती रीतसर लावलीही होती, पण सूचना फलकाच्या काचेवर आतून चुना लागला होता आणि कुलपाची किल्ली रजेवर गेलेल्या शिपायाच्या खिशात होती. शकुंतलाबाईंना ती बातमी बँडवाल्याने दिली.

“ताई, आम्ही येऊ हो,” तो म्हणाला, “पण अकरा सदतीसला आम्ही कुणीच नसणार. तुम्हीसुद्धा.”

त्या तशाच अनंतगुरुजींकडे गेल्या. गुरुजींनी पंचांग पुढून चाळलं, मागून चाळलं. “हे छापणाऱ्यांना देवगव्हाणचं काय माहीत? त्यांच्याकडे रोज अकरा ते बारा असतं. आणि पुढे गुरूचा अस्त, मग चातुर्मास. आता थेट मार्गशीर्ष.”

राहता राहिल्या विहीणबाई, तळेवाडीच्या कुसुमताई दाभणे. त्यांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं.

“आमच्या थोरल्याचा मुहूर्त चार मिनिटांनी टळला होता,” त्या म्हणाल्या. “सून मिक्सर घेऊन माहेरी गेली ती गेली. मिक्सर आमचा होता. धाकट्याच्या बाबतीत मला चार सेकंदसुद्धा चालायची नाहीत. अकरा सदतीसला मुलगी पाटावर पाहिजे, नाहीतर वऱ्हाड आल्या पावली परत.”

“अहो, पण त्या दिवशी गावात अकरा सदतीस वाजणारच नाहीत!”

“आमच्याकडे वाजतात हो. रोज वाजतात.”

फोन ठेवून शकुंतलाबाई वळल्या. वैजू आत साडीला फॉल लावत बसली होती. तिला मुलगा मनापासून आवडला होता, हे तिने सांगितलं नव्हतं; पण फॉल लावताना ती गुणगुणत होती. शकुंतलाबाईंनी चपला घातल्या आणि नगरपरिषद गाठली.

वेळ विभाग दुसऱ्या मजल्यावर, जन्ममृत्यूच्या खिडकीमागे होता. तिथे पडवळे नावाचे लिपिक बसत. माणूस सभ्य होता. त्यांनी अर्ज वाचला, घडी घातली आणि परत दिला.

“सूट नाही.”

“आजारी माणसालासुद्धा नाही?”

“आजारी माणूस तसाही पडूनच असतो.”

“मग लग्न तळेवाडीला लावते. तिथे कुणी तास काढत नाही.”

“बाई, तास गावाचा जात नाही, रहिवाशाचा जातो. मागे आपले एक गृहस्थ काशीला गेले होते. अकरा वाजता गंगेत उतरले ते तासभर तिथेच उभे. पुण्यही तासाभराचंच लागलं म्हणतात.”

शकुंतलाबाईंनी जरा विचार केला. “त्या तासात गावात जागचं हलतं तरी कोण?”

“आम्ही. कर्मचारी.”

“म्हणजे तुमचा तास घेत नाहीत?”

पडवळे दुखावले गेले. “घेत नाहीत कसे? पण तास उचलायचं काम आम्ही कोणत्या वेळात करायचं?”

 खिडकीच्या आतल्या बाजूने शकुंतलाबाईंनी स्वतः अशी पुष्कळ उत्तरं दिली होती आणि बिनतोड उत्तर कोणतं ते त्यांना ओळखता येत होतं.

“उचलायला किती वेळ लागतो?”

“दहा मिनिटं. मग आम्ही डबा खातो. गाव शांत असतं. लोक अर्ज घेऊन समोर उभे असतात, पण तोंड उघडत नाहीत. वर्षातला तेवढाच दिवस कामाला हुरूप येतो.”

“मग माझ्या मुलीला त्या दिवसापुरतं कामावर घ्या.”

पडवळ्यांनी नियमांचं पुस्तक काढलं. बराच वेळ वाचलं. मग मान वर करून म्हणाले, “घेता येईल. तास उचलायला मदतनीस, रोजंदारीवर. जागा आहे.”

“दोन द्या.”

“मंजूर जागा एकच आहे.”

“अहो, मी आई आहे तिची! मी बघायचं नाही का माझ्या मुलीचं लग्न?”

“तुम्ही असालच की तिथे,” पडवळे समजुतीने म्हणाले. “फक्त उभ्या असाल.”

शकुंतलाबाई घरी येऊन मोरीत नळ सोडून रडल्या. वीस वर्षं ज्या एका क्षणासाठी काढली, तो क्षण नगरपरिषदेच्या ट्रंकेत जाणार होता आणि तिथले कारकून तो डबा खाता खाता बघणार होते. संताप संताप झाला. मग त्यांनी तोंड धुतलं आणि वैजूचा अर्ज भरला. ठरलेलं लग्न मोडलं असतं तर बोल आईला लागला नसता, मुलीला लागला असता.

भटजी तळेवाडीहून आणले. छायाचित्रकारही तिथलाच. रविवारी सकाळी पावणेअकराला वैजू शालू नेसून, मुंडावळ्या बांधून, पदराला नगरपरिषदेचं ओळखपत्र लावून पाटावर उभी राहिली. समोर अंतरपाट धरला. शकुंतलाबाई पहिल्या रांगेत उभ्या होत्या. मुठीत अक्षता आणि डोळे मुद्दाम मोठे उघडलेले. उघडे राहिले तर चुकून काही दिसेल, अशी त्यांना वेडी आशा होती.

अकरा वाजले. बारा वाजले.

अंतरपाट नव्हता. वैजूच्या गळ्यात मंगळसूत्र होतं आणि ती आईकडे बघत होती. शकुंतलाबाईंच्या हाताला मुंग्या आल्या होत्या. मांडवातली चाळीस पानं जेवून उठली होती.

छायाचित्रं चार दिवसांनी आली. मुलीच्या मामांच्या जागी पडवळे उभे होते. मुख्याधिकारी जिलबी खात होते. अध्यक्ष अक्षता टाकताना मनापासून हसत होते. शकुंतलाबाई सगळ्या छायाचित्रांत होत्या आणि सगळ्यांत त्यांचा चेहरा एकच होता.

“लग्न कसं घड्याळाच्या काट्यावर लागलं!” कुसुमताई निघताना म्हणाल्या होत्या. “आणि विहीणबाई, तुम्ही किती शांत होतात हो. मुलीकडच्यांनी असंच असावं.”

छायाचित्रं बघून झाल्यावर शकुंतलाबाई पुन्हा दुसऱ्या मजल्यावर गेल्या.

“माझा तास मला कार्तिकात मिळणार ना?”

“जसाच्या तसा.”

“तोच? की दुसरा देता?”

“आम्ही दुसरा कुठून आणणार?”

“म्हणजे त्यात अकरा सदतीस असतील.”

पडवळ्यांनी उठून ट्रंकेचं झाकण किलकिलं केलं, वाकून बघितलं आणि बंद केलं. “आहेत.”

“आणि वैजूचा?”

“त्यांनी वापरला. त्या वेळी त्या उभ्या असतील. आम्हीही असतो. बाहेरगावचे पाहुणेही; त्यांच्याकडे अकरा एकदाच वाजतात.”

शकुंतलाबाई ‘बरं’ म्हणाल्या आणि घरी गेल्या. सहा महिने त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. फक्त अनंतगुरुजी, बँडवाला आणि आपला भाऊ दिनकर यांना एकेकदा भेटून आल्या.

कार्तिकातल्या पहिल्या रविवारी तास परत मिळायचा होता. त्या दिवशी त्यांनी लेकीजावयाला दिवाळसणासाठी बोलावलं. विहीणबाईंना तर स्वतः जाऊन आग्रह केला. पहिलं अकरा ते बारा फराळात गेलं. दुसऱ्यांदा अकरा वाजायला आले तेव्हा कुसुमताईंनी एक चकली बोटांत धरून वर केली होती.

“विहीणबाई, राग मानू नका,” त्या म्हणाल्या, “पण चकली मऊ पडलीय आणि—”

अकरा वाजले. कुसुमताई तशाच राहिल्या. जावई पेल्याकडे हात नेत होता, तो हात तसाच. वैजू हसत होती, ते हसू तसंच. शकुंतलाबाईंनी दार उघडलं. गल्ली माणसांनी भरली होती.

फार घाई होती. सदतीस मिनिटं म्हणजे काही फार नव्हेत. बायकांनी वैजूला शालू नेसवला, पोरांनी जावयाला फेटा बांधला. दिनकरमामाने भाचीला उचलून पाटावर उभं केलं आणि उचलताना त्याला हुंदका आवरेना. अंतरपाट धरला. गुरुजींनी मंगलाष्टकं म्हटली, गल्लीने सूर धरला, कुणाचा कुणाशी जुळला नाही. बरोबर अकरा सदतीसला अंतरपाट खाली आला आणि शकुंतलाबाईंनी अक्षता टाकल्या. एक दाणा वैजूच्या पापणीवर अडकला, तो त्यांनी बोटाने काढला. तिला असं जवळून बघितल्याला किती वर्षं झाली होती! लहानपणी झोपेत बघायच्या तशी त्यांनी तिला बघून घेतली. पोटभर बघितली.

गावातली बाकीची मंडळी तेवढ्या वेळात नगरपरिषदेत जाऊन आली. पडवळे ट्रंकेचं झाकण हातात धरून उभे होते, मुख्याधिकारी खुर्चीत होते. लोकांनी आपापले अर्ज शोधले, शिक्के मारले, शिक्के पुसून जागेवर ठेवले आणि रांगेने बाहेर पडले. वर्षातला तेवढाच दिवस गावाची कामं होतात.

बारा वाजले.

“—आणि मीठही कमी आहे,” कुसुमताई म्हणाल्या. मग त्यांना गल्ली दिसली, बँड दिसला, फेटा बांधलेला मुलगा दिसला.

वैजूने गळ्यातला हार चाचपला. “आई, हे काय?”

“तुझं लग्न झालं,” शकुंतलाबाई म्हणाल्या. “छान झालं. मी होते.”

कुसुमताईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा बघितलं.

“कितीला लागलं?”

“अकरा सदतीसला.”

“मग हरकत नाही,” कुसुमताई म्हणाल्या आणि त्यांनी पानं मांडायला सांगितलं.