पाण्यातून पाणी

गुप्तता राखणे ही मुळात अवघड गोष्ट नाही. लोक तिला अवघड करून ठेवतात, कारण ते तिच्याकडे नीतीचा प्रश्न म्हणून पाहतात. मी वर्ध्याला भौतिकशास्त्राचा प्राध्यापक आहे. माझ्या दृष्टीने गुपित म्हणजे बंद भांड्यातला वायू. भांडे फुटके नसले की तो बाहेर येत नाही. १९८२ च्या उन्हाळ्यात मी नत्थूजींना नेमके हेच समजावून सांगितले आणि वर हमीही दिली, "पेटंटचा अर्ज दाखल होईपर्यंत तुम्ही आणि मी सोडून तुमचे यंत्र जगात कोणालाही कळणार नाही. ही जबाबदारी माझी."

अल्लीपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर नत्थूजींचे गाव. घरची थोडी शेती आणि एस.टी.च्या थांब्यापाशी बॅटऱ्या चार्ज करण्याचे दुकान. बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी त्यांना हिंगणघाटहून आणावे लागे, आणि ते शुद्ध असते यावर त्यांचा विश्वास नव्हता. माझाही नव्हता, आमची ओळख त्यावरूनच झाली. शेवटी त्यांनी ते पाणी स्वतःच तयार करायचे ठरवले. पत्र्याची पेटी, आतून काळा रंग, वर तिरकी काच. आत विहिरीचे पाणी ओतायचे. उन्हाने त्याची वाफ होई, वाफेचे काचेला आतून थेंब जमत, थेंब घरंगळत खालच्या पन्हळीत उतरत आणि तांब्याच्या नळीवाटे बाटलीत पडत. सरपण नाही, वीज नाही. वर्धा जिल्ह्यातल्या उन्हाला माझ्या माहितीत प्रथमच कोणीतरी कामाला लावले होते.

"एकच गोष्ट हाय, सर," नत्थूजी म्हणाले. "मांगं म्या तन काढाले सायकलच्या चाकाचा डवरा केलता. पोळ्याच्या आत चार गावात झाला. कोनाच्या तोंडी माह्यं नाव नाई. ह्या टायमाले नाव राह्यलं पायजे."

मी लगेच मुंबईच्या पेटंट कार्यालयाला पत्र लिहून अर्जाचे नमुने आणि काही शंकांची उत्तरे मागवली. सरकारी कार्यालयांबद्दल माझा एक सिद्धान्त होता. त्यानुसार उत्तर दिवाळीच्या सुमारास यायला हवे होते. ते दुसऱ्याच आठवड्यात आले. स्वच्छ टंकलिखित, माझ्या प्रत्येक शंकेला अनुक्रमांक घालून उत्तर दिलेले. तिथे अलीकडे कामकाजात बऱ्याच सुधारणा झाल्याचे कोणीतरी मला सांगितले होते, परंतु एका निरीक्षणावरून सिद्धान्त सोडून देणे शास्त्राला धरून नाही. मी तो कायम ठेवला.

उत्तरात मुख्यतः दोन गोष्टी होत्या. अर्जापूर्वी शोध लोकांपुढे उघड करू नका, ही पहिली. अर्ज शक्य तितक्या लवकर करा. सविस्तर विवरण तयार नसल्यास तात्पुरते पाठवले तरी चालते, ही दुसरी. पहिली मला पटली. दुसरी वाचून मी दुखावलो. उत्तरापुढे एकक लिहिले नाही म्हणून मुलांचे गुण कापणारा माणूस सरकारला तात्पुरते काही पाठवील, हे शक्यच नव्हते. मी ठरवले की दर रविवारी गावी जाऊन तापमान, काचेचा कोन, जमलेले पाणी यांची व्यवस्थित मोजणी करायची आणि अर्ज संपूर्णच पाठवायचा. तोवर गुप्तता.

शेतात तट्ट्यांचे उंच कुंपण उभे राहिले. वर आकाश मोकळे, दाराला कुलूप.

"कोणालाही सांगायचे नाही," मी बजावले.

"घरच्याइलेबी नाई?"

"नियमाला अपवाद ठेवला की तो नियम राहत नाही, नत्थूजी."

"सर, तुमचं लगन झालं का?"

"नाही."

"तरीच," असे म्हणून नत्थूजींनी कुलूप लावले.

इथे देवकाबाईंची माहिती देणे आवश्यक आहे. त्या नत्थूजींच्या पत्नी, आणि गावच्या दारूबंदी महिला मंडळाच्या प्रमुख. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. म्हणजे दारू दुकानात मिळत नाही. ती नाल्याकाठी मोहाच्या भट्टीतून येते. आदल्या वर्षी देवकाबाईंनी मुसळ हातात घेऊन अशा कित्येक भट्ट्या फोडल्या होत्या. भट्टीवाले पोलिसांना हात जोडत आणि देवकाबाई दिसल्या की पळत.

आता त्यांच्या बाजूने पाहा. नवरा भर दुपारी शेतात जातो. परततो तेव्हा डोळे लाल. (ते काचेच्या तिरपीने होत.) चेहरा तापलेला. (ते उन्हाने.) विचारले तर गप्प बसतो आणि जेवताना स्वतःशीच हसतो. (ते पेटंटच्या विचाराने.) हिंगणघाटहून तांब्याची नळी आणतो. कबाडीकडून रिकाम्या बाटल्या घेतो. आमच्या दारूबंदीच्या जिल्ह्यात रिकाम्या बाटल्या फार स्वस्त मिळतात, कारण त्या आपल्या आहेत असे कोणीच म्हणत नाही. शिवाय दर रविवारी वर्ध्याहून चष्मा लावलेला एक माणूस येतो. त्याच्या पिशवीत मापाची काचपात्रे आणि पाण्याचा हलकेजडपणा मोजण्याची कांडी असते. तशीच कांडी दारूचा जोर मोजायला धाड घालणाऱ्यांच्या पिशवीतही असते, हे मला नंतर कळले. उपलब्ध पुरावा पाहता देवकाबाईंचा निष्कर्ष निर्दोष होता. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तोच काढला असता.

मोजणीचा तो शेवटचा रविवार होता. दुपारी मी तापमापकावर वाकलो असताना तट्टीचे दार कुलपासकट आत आले. त्यामागून हवालदार गोमाजी आले, श्रावण नावाचा शिपाई आला, मुसळ घेतलेल्या देवकाबाई आल्या, त्यांच्या मंडळाच्या बाया आल्या आणि उरलेल्या जागेत गाव आले.

"हे काय हाय?" पेटीकडे बोट दाखवून हवालदारांनी विचारले.

नत्थूजींनी माझ्याकडे पाहिले आणि नियमाप्रमाणे ओठ मिटून घेतले. उत्तर मला द्यावे लागले. खोटे बोलणे मला जमत नाही. अचूक बोलणे जमते. त्या दुपारी यातले दुसरे अधिक घातक ठरले.

"ऊर्ध्वपातनाचे यंत्र," मी म्हणालो.

"म्हंजे?"

"द्रवाची वाफ करायची आणि ती निववून पुन्हा द्रव मिळवायचा."

"म्हंजे भट्टी."

"तत्त्वतः, हो."

"सर!" नत्थूजींचे ओठ उघडले.

"लिहून घे," हवालदार श्रावणला म्हणाले. "कबुली देऊन राह्यले."

"परंतु यात दारू नाही," मी घाईने म्हणालो. "पाणी आहे."

"आत काय टाकता?"

"पाणी."

"अन् भाईर काय येते?"

"पाणी."

हवालदारांनी टोपी काढली, कपाळ पुसले, टोपी पुन्हा घातली. "पाण्यातून पाणीच काढाचं होतं, तं टाकाच्या अगुदर काऊन नाई थांबले?"

गर्दीतून हसू आले. मागून कोणी म्हातारा म्हणाला, "विहिरीवरच बसा लागत होतं मंग. कुंपन कायले?"

शास्त्रीय मार्ग एकच होता. मी बाटली पुढे केली आणि म्हणालो, "चाखून पाहा." श्रावणने एक घोट घेतला, तोंडात फिरवला आणि बराच वेळ विचार केला.

"चव नाई, साहेब."

"वास?"

"वासबी नाई."

"चढून राह्यली का?"

"कायच नाई. अशी कायच नसलेली चीज म्या आजलोक पेली नाई."

"मंग लई वरच्या दर्जाची दिसते," हवालदार गंभीरपणे म्हणाले. "बिना वासाची. सापडाचं भेवच नाई."

देवकाबाई एवढा वेळ नवऱ्याकडेच पाहत होत्या. "गावातल्या भट्ट्या फोडून फोडून हात दुखले माहे," त्या म्हणाल्या, "अन् तुमी आपल्याच वावरात मांडली? उद्या कोनाच्या दारात उभी राहू मी? कायची हाय ती पेटी, मले सांगाले काय झालतं?"

"सरनं मना केलतं," नत्थूजी पुटपुटले.

देवकाबाई माझ्याकडे वळल्या. मुसळही वळले. "नवऱ्यानं बायकोले सांगू नाई, असं तुमी म्हनलं?"

"पेटंटच्या कायद्यानुसार—"

"कोनं केला असा कायदा? आना त्याले इथं."

हवालदारांनी निर्णय दिला. एकतर इथेच, सगळ्यांसमोर, पेटीतून पाणीच कसे निघते ते पटवून द्यायचे. नाहीतर पेटी आणि नत्थूजी दोघेही ठाण्यात. देवकाबाईंच्या मते तिसराही मार्ग होता आणि तो त्यांनी डोक्याच्या वर उचलून धरला होता.

मी परिस्थितीचे आकलन केले. गप्प राहिलो तर नत्थूजींची अब्रू आणि पेटीची काच, दोन्ही जाणार. बोललो तर शोध उघड होणार. आणि उघड झालेल्या शोधाला पेटंट मिळत नाही. इतक्यात मुसळ खाली येऊ लागले, तेव्हा मी बोललो.

आणि एकदा बोलू लागल्यावर, हे मला कबूल केले पाहिजे, मी छान बोललो. वर्गात मला असे श्रोते कधीच लाभले नव्हते. कोणी जांभई देत नव्हते, कोणी मागच्या दाराने जात नव्हते. मागचे दारच नव्हते. काडीने मातीत आकृती काढली. काळा रंग का, काच तिरकी का, कोन किती, पन्हळ कुठे, फटी कशाने बुजवायच्या, सगळे सांगितले. लोक नेमके प्रश्न विचारत होते. "मोठी पेटी केली तं जास्त पानी निंगन का?" एकाने विचारले. मी खूश होऊन काचेच्या क्षेत्रफळाचा हिशेब मांडून दाखवला. रस्त्यावर थांबलेल्या एस.टी.तले उतारूही तट्टीपाशी येऊन उभे राहिले. त्यांच्यासाठी मी सुरुवातीचा भाग पुन्हा सांगितला. हवालदारांनी पंचांसमक्ष पंचनामा केला. त्यात पेटीची सगळी मापे आहेत. ती मीच सांगितली. एक माप त्यांनी चुकीचे लिहिले होते, तेही मी दुरुस्त करून घेतले.

शेवटी देवकाबाईंनी मुसळ खाली ठेवले, बाटलीतले पाणी ओंजळीत घेऊन चाखले आणि तोंड वाकडे करून थुंकले. "पानीच हाय," त्या म्हणाल्या. "अन् तेबी बेचव. चाला घरी, जेवाले."

गाव पांगले. नत्थूजी माझ्याजवळ आले. "सर, आता हे कोनाकोनाले माहीत हाय?"

मी मनात मोजू लागलो आणि एस.टी.तल्या उतारूंपाशी थांबलो.

पुढच्या आठवड्यात नत्थूजी वर्ध्याला, नालवाडीतल्या माझ्या खोलीवर आले. गावात घरोघरी छपरांवर पेट्या चढल्या होत्या. शेजारच्या तानबाने तर दोन करून एक आर्वीच्या मेहुण्याला पाठवली होती.

"निदान नाव तरी तुमचे घेतात ना?" मी विचारले.

"सरची पेटी म्हनतेत," नत्थूजी म्हणाले. "डवऱ्याच्या टायमाले माह्यं नाव गेलं, पन त्याच्या जागी दुसऱ्याचं तरी लागलं नोतं."

काही मार्ग निघतो का, हे विचारायला आम्ही नागपूरला गेलो. पेटंटांची माहिती देणारे सरकारी केंद्र तिथे नुकतेच सुरू झाले होते. देवकाबाईही आल्या, नवऱ्याला माझ्याबरोबर एकटे सोडायची त्यांची तयारी नव्हती. मधुकरराव नावाच्या तरुण अधिकाऱ्याने आमची हकीकत न हसता ऐकून घेतली. मुसळाच्या भागात त्यांनी फक्त चष्मा पुसला.

"असे यंत्र आधी कोणी केले आहे का, याचा तपास केला होता?" त्यांनी विचारले. "त्यासाठीच हे केंद्र आहे. वर्ध्याहून येण्याइतके जवळ."

हे केंद्र आहे, हे मला ठाऊक होते. ते चालते, हे माझ्यापुरते सिद्ध झालेले नव्हते.

मधुकररावांनी एका कपाटातून फिल्मची गुंडाळी काढली, पडदा असलेल्या यंत्रात घातली आणि मूठ फिरवू लागले. शिपाई चहा घेऊन येण्याच्या आत त्यांचा हात थांबला. पडद्यावर एक पेटी होती. वर तिरकी काच, खाली पन्हळ, बाजूला नळी.

"हे तं आपलंच हाय!" नत्थूजी खुर्चीतून उठले.

"अमेरिकेतले आहे," मधुकरराव म्हणाले. "गेल्या शतकातले. याची मुदत केव्हाच संपली. आता हे कोणीही बनवावे, कोणीही विकावे. पेटंट मात्र कोणालाच मिळणार नाही."

मी नत्थूजींकडे चोरून पाहिले. ते खचतील अशी माझी अटकळ होती. ते पडद्याच्या अगदी जवळ गेले आणि कोपऱ्यातल्या अक्षरांवर बोट ठेवले.

"हे नाव कोनाचं हाय, साहेब?"

मधुकररावांनी दोन इंग्रजी नावे वाचून दाखवली.

"म्हंजे सरचं नाई," नत्थूजी म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर गेल्या कित्येक दिवसांत न दिसलेले समाधान पसरले. "गावात सांगतो आता."

"म्हंजे लपवून ठेवाचं कामच नोतं?" देवकाबाईंनी विचारले.

"मुळीच नव्हते, बाई. जगाला शंभर वर्षे ठाऊक असलेली गोष्ट लपवायची कशासाठी? आधी इथे आला असता तर एका दुपारचे काम होते." मधुकररावांनी यंत्राचा दिवा मालवला आणि सहज कुतूहलाने विचारले, "पण एवढे गुप्त ठेवायला तुम्हाला सांगितले कोणी?"

देवकाबाईंनी माझ्याकडे पाहिले. नत्थूजींनी मात्र पाहिले नाही. ते भले गृहस्थ आहेत.

"असाच एक जन, साहेब," ते म्हणाले. "लई शिकलेला नाई तो."

मधुकररावांनी सहानुभूतीने मान हलवली. मीही हलवली. त्या विधानाविरुद्ध माझ्याजवळ कोणताही पुरावा नव्हता.